हरल्या दिवशीची शैला

दाजींचा फोन आला तेव्हा मी दुपारची जेवणं आवरून ओटा पुसत होते. शैलाच्या नवऱ्याला मी पहिल्यापासून दाजी म्हणत आले. ते फोनवर कधी बोलत नाहीत, फोन करायचा तो शैलानंच. त्यामुळे स्क्रीनवर तिचं नाव आणि कानात त्यांचा आवाज आला, तेव्हाच मी हातातलं फडकं खाली ठेवलं. "सुमनताई, गेली बघा," एवढंच म्हणाले. मागे त्यांच्या गोठ्यात म्हैस ओरडत होती, ते मला ऐकू येत होतं... फोन कुणी ठेवला, त्यांनी की मी, ते आता आठवत नाही.

आज या गोष्टीला काही आठवडे झाले. शैला कोण, असं कुणी विचारलं तर काय सांगायचं हा प्रश्नच आहे. ती नावाजलेली नव्हती. कोल्हापूरशेजारी कळंब्याला राहायची, म्हशी सांभाळायची, दूध घालायची. पण आमच्या कॉलेजच्या फुटबॉल टीमचा सामना ज्यानं ज्यानं कधी पाहिला असेल, त्याला 'ती शिट्टी मारणारी बाई' म्हटलं की लगेच ओळख पटेल. आमचं शिक्षण संपून जमाना झाला, मुलंबाळं मार्गी लागली, मी शाळेतून निवृत्त झाले. तरी कॉलेजचा सामना म्हटला की आम्ही दोघी पायऱ्यांवर ठरलेल्या जागी असायचो. मी छत्री आणि पाणी घेऊन, ती नुसता आवाज घेऊन.

मी मूळची रत्नागिरीकडची. वडिलांची बदली झाली म्हणून कोल्हापुरात आले आणि वर्गात हिच्या शेजारी बसले. पहिल्याच आठवड्यात ती म्हणाली, "सुमे, तास संपल्यावर मी मॅचला चाललोय. येतीस?" मुलगी असून ती 'चाललोय' म्हणते याचंच मला इतकं नवल वाटलं, की नाही म्हणायचं राहूनच गेलं. मैदानावर पाहते तो सगळे पुरुष. पेठांमधली, तालमींतली, वर्षानुवर्षं फुटबॉल बघून डोळे पिकलेली माणसं. आम्ही दोघी पायऱ्या चढायला लागल्यावर एक जण मोठ्यानं म्हणाला, "पोरींचं काय काम हितं?" मी तिथंच वळले. शैलानं माझा दंड धरला आणि त्याच्याकडे बघून म्हणाली, "का वो पावणं? पोरींस्नी गोल दिसत न्हाई व्हय?" आजूबाजूचे हसले. त्या गृहस्थांनीच मग सरकून जागा करून दिली. आणि आमच्या टीममधल्या एका पोरानं पहिला गोल मारला तेव्हा हिनं तोंडात दोन बोटं घालून अशी शिट्टी मारली, की माझ्या कानठळ्या बसल्या. त्या दिवशी फुटबॉलमधलं मला काही कळलं नाही. पण ही मुलगी आपली मैत्रीण आहे, हे कळलं.

ती साधुसंत नव्हती, हेही सांगायला पाहिजे. गेलेल्या माणसाबद्दल गोडच लिहायचं असतं, पण तसं लिहिलं तर ती वरून शिव्या घालेल. टीम हरली की तिच्यासारखं तोंड कुणाचं सुटत नसे. रेफ्रीच्या घराण्याचा उद्धार व्हायचा. एका बॅकनं ऐन वेळी पाय कच्चा टाकला म्हणून त्याला तिनं असं काही सुनावलं होतं, की तो पोरगा पुढची कितीतरी वर्षं रस्त्यात ती दिसली की गल्ली बदलायचा. हरल्या दिवशी ती जेवायची नाही. दाजी म्हणायचे, "म्हशींस्नीबी कळतं, आज मॅच हरली. धार काढताना हात वडतोय म्हणून." दाजी कुस्तीवाले. फुटबॉलचं त्यांना कधीच काही वाटलं नाही. "कुस्तीत हरला तो हरला," म्हणायचे, "हे अकरा जणांचं हरणं नेमकं कुणाच्या पदरात घालायचं?" पण सामन्याच्या दिवशी संध्याकाळची धार न बोलता स्वतः काढायचे, आणि शैला माझ्याबरोबर मैदानावर. मध्ये तिला एकदा मोठं दुखणं आलं. छातीत गाठ निघाली, ऑपरेशन झालं, पुढचे सगळे उपचार झाले. केस पुरते उगवायच्या आत ही डोक्याला रुमाल बांधून पायऱ्यांवर हजर. "केसांनी थोडीच शिट्टी मारायची असत्या?" म्हणाली. आम्ही समजलो, गेलं ते दुखणं.

या वर्षी थंडी सरता सरता फायनल झाली, आणि तीही आमच्याच मैदानावर. समोर चंदगडकडच्या एका लहानशा कॉलेजची टीम. त्यांचं नाव आम्ही कुणी धड ऐकलेलं नव्हतं. आपलं मैदान, आपली माणसं, त्यामुळे निकाल लागल्यासारखंच सगळे वागत होते. दुपारपासून हलगी कडाडत होती. गुलालाची पोती गेटाजवळ आणून ठेवलेली. जुने विद्यार्थी कुठून कुठून आले होते, कुणी शिरोली एमआयडीसीतनं पाळी बदलून, कुणी पुण्याहून. शैला त्या दिवशी पायऱ्या चढताना दोनदा थांबली. मी म्हटलं, "काय गं, दमलीस?" तर म्हणाली, "वय झालं की आता." मी तिथं आणखी काही विचारलं नाही, विचारण्यासारखं काही वाटलंच नाही.

सामना शून्य-शून्य चालला होता. आमच्या पोरांनी दोनदा बार हलवला, चेंडू आत जाईना. शेवटाला त्यांच्या एका बॅकनं नुसता लांब उडवून दिलेला चेंडू... त्यात गोल मारायचा विचारही नसावा. ऊन उतरलं होतं आणि नेमकं आमच्या गोलकीपरच्या डोळ्यांवर येत होतं. ओंकार त्याचं नाव, दुसऱ्या वर्षाला असलेला, उंच, बारका पोरगा. तो पुढे आला, उडी मारली, चेंडू दोन्ही हातांत आला असं आम्हा सगळ्यांना वाटलं. आणि तो हातातनं निसटून मागे पडला, टप्पा घेत घेत रेषेपलीकडे गेला. मैदानावर इतकी शांतता पसरली, की लांबच्या कोपऱ्यात त्यांच्या मूठभर पाठीराख्यांनी मारलेल्या आरोळ्या एकेक करून मोजाव्यात. हलगीवाल्यानं हलगी काखेत मारली. थोड्याच वेळात शिट्टी झाली आणि सामना संपला.

मग सुरू झालं. आधी एक बाटली मैदानात पडली, मग कितीतरी. "हाताला लोणी लावून आलतास काय रं?" "घरात बस जा, बांगड्या भर!" माझ्या पुढ्यातला चांगला पन्नाशीचा माणूस, बहुधा कुणाचा तरी बाप, गळ्याच्या शिरा ताणून त्या पोराच्या आईवर गेला. काही जण मोबाइल काढून खेळाडूंच्या खोलीच्या दारापाशी जमले. ओंकारचं नाव घेऊन तालावर टाळ्या वाजवत होते, तो बाहेर आला की चित्रण करायचं म्हणून. ज्यांनी दुपारी त्याच्या नावानं नारळ फोडला असेल, तेच. घरच्या मैदानावरचं हरणं माणसाला किती लहान करतं, ते त्या दिवशी पाहिलं.

मी शैलाकडे पाहिलं. मला वाटलं, आता हिचं तोंड सुटणार. पण ती दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून मैदानाकडे बघत बसलेली. मग म्हणाली, "सुमे, चल."

एकेक पायरी धरून धरून ती खाली उतरली. घराकडे वळेल म्हटलं, तर ती थेट त्या खोलीकडे निघाली. दारातल्या पोरांना तिनं हातानंच बाजूला केलं. आत बाकीची टीम मागल्या दारानं कधीच गेली होती. ओंकार एकटा बाकावर, हातमोजे तसेच घातलेले, मान खाली. त्याचे प्रशिक्षक भिंतीला टेकून उभे होते; काय करावं त्यांनाही सुचत नसावं.

"ओंकार न्हवं तू?" शैला म्हणाली. "ऊठ. मला रिक्षापर्यंत पोचीव. मला चालवंना झालंय."

त्यानं वर पाहिलं. "काकू, भाईर लई माणसं हाईत."

"माणसंच हाईत की. वाघ हाईत व्हय?"

तो उठला. तिनं त्याच्या खांद्यावर हात टाकला, नुसता ठेवला नाही, अंगाचा सगळा भार टाकला, आणि ती दोघं बाहेर पडली. मी मागोमाग पिशवी घेऊन. दारात एकदम गलका झाला. पण एका लंगडत्या बाईला आधार देऊन सावकाश चाललेल्या पोराला शिवी तरी कशी घालायची? पहिल्या रांगेतले जरा मागे सरले. कुणीतरी म्हणालं, "ए, वाट सोडा, म्हातारी पडंल." शैलानं तेवढ्यातही मान वळवली, "म्हातारी कुणाला म्हनतोस रं?" दोघं-तिघं हसले. मोबाइल खाली गेले. मघाशी आईवरनं शिव्या देणारा तो पन्नाशीचा माणूस गेटाजवळ उभा होता, तो चक्क रिक्षा थांबवायला धावला. गेटातनं बाहेर पडताना एकानं मागनं काहीतरी घाण शब्द टाकलाच. ओंकारचा पाय अडखळला. शैला म्हणाली, "थांबू नगं. तू थांबलास तर मी पडंन." आणि तो थांबला नाही.

रिक्षात तो आम्हा दोघींच्या मध्ये बसला आणि कोपरा वळल्यावर हमसून हमसून रडायला लागला. शैला बाहेर बघत राहिली. मग म्हणाली, "रड. पर ते मोजं काड आधी, नाक कशानं पुसणार?" त्याला त्याच्या खोलीपाशी सोडलं. तो उतरून गेल्यावर मी तिच्या मांडीवर थाप मारली, "काय नाटक वठवलंस गं शैले! मलासुद्धा खरं वाटलं." ती हसली. "जमलं न्हवं?" म्हणाली, आणि डोळे मिटून मागे टेकली.

पुढे मी ही हकिगत भेटेल त्याला रंगवून सांगितली. शैलानं कसं सोंग घेतलं, सगळ्या मैदानाला कसं बनवलं. ऐकणारे हसायचे, वा म्हणायचे. शैलाला फोन केला की ती 'जरा कणकण हाय' म्हणायची. मग एके दिवशी तिच्या मुलीचा पुण्याहून फोन आला, आईला दवाखान्यात ठेवलंय म्हणून. मी गेले तर कॉटवर निम्मी शैला उरली होती.

बाहेरच्या बाकावर दाजींनी मला सांगितलं. जुनं दुखणं परत आलं होतं, पाठीच्या मणक्यात आणि खुब्यात उतरलं होतं. फायनलच्या आधीच डॉक्टरांनी सांगितलेलं, हिंडायचं फिरायचं नाही, हाड कधीही दगा देईल. "त्या दिवशी सकाळपास्नं तिला धड हुबं ऱ्हाता येत नव्हतं," दाजी म्हणाले. "मी म्हटलं, जाऊ नगं. तर म्हनली, फायनल हाय, बघून येतो. तुमास्नी सांगायचं न्हाई म्हनून माझ्याकडनं शपथ घेतली."

मी आत गेले. बोलायचं बरंच होतं, पण तिच्याकडे बघून एवढंच म्हणाले, "मला सांगायचं नाहीस होय गं?" ती म्हणाली, "सांगितलं असतं तर तू मॅच बघितली असतीस व्हय? माझ्याकडंच बघत बसली असतीस." मग जरा थांबून, "ते पोरगं परत खेळतंय का, बघ की जरा." ओंकार सरावाला जात नव्हता. तिला ते सांगावं की नाही, याचा विचार करत मी घरी आले, आणि दुसऱ्या दिवशी खरं तेच सांगितलं. ती भिंतीकडे तोंड करून पडून राहिली. ती शेवटाकडे निघाली ती तिथून, असं मला आपलं वाटतं. डॉक्टर तसं म्हणणार नाहीत.

ओंकार स्मशानात आला होता. कुणी कळवलं, माहीत नाही. खांदा द्यायला पुढे झाला, दाजींनीच त्याला जागा करून दिली. सगळं आटोपल्यावर तो माझ्याजवळ येऊन उभा राहिला. मला राहवलं नाही. म्हटलं, "अरे, त्या दिवशी मला वाटलं ती तुझ्यासाठी सोंग करतेय. खरंच तिला चालवत नव्हतं रे..."

"मला म्हाईत होतं, काकू," तो म्हणाला. "त्यांचा सगळा भार माझ्या खांद्यावर होता. गेटात त्यो माणूस बोलला तवा मी उलटून जाणार होतो त्याच्या अंगावर. पर हात सोडला असता तर त्या खरंच पडल्या असत्या."

म्हणजे त्या गर्दीत नाटक समजणारी मी एकटीच. माझ्या इतक्या वर्षांच्या मैत्रिणीचा भार त्या पोराला खांद्यावर कळला आणि मला शेजारी चालून कळला नाही. त्यानं मला नमस्कार केला. "खेळतोस का?" मी विचारलं. "सकाळी पळायला जातो," म्हणाला. "गोलात अजून हुबा न्हाई ऱ्हायलो." मी बरं म्हटलं.

परवा रविवारी संध्याकाळी कळंब्याला गेले. दारात दुधाची किटली घासून पालथी घातलेली. दाजी सोप्यात, पुढच्या खोलीत, टीव्हीसमोर बसले होते. टीव्हीवर परदेशातला कुठलातरी फुटबॉलचा सामना चालू होता, आवाज मोठा. मला बघून त्यांनी शेजारची खुर्ची पुढे सरकवली. म्हणाले, "तिचा हा टायम मॅच बघायचा. घर गप्प बसलं की बसवंना मला." मी बसले. कुणीतरी गोल मारला, लोक नाचायला लागले, दाजी त्या पडद्याकडे अगदी परीक्षेला बसल्यासारखे बघत होते. मग जरा वाकून हळूच त्यांनी मला विचारलं, "सुमनताई, ह्यातली आपली कुठली?"

मला त्यातलं कुणीच ओळखीचं नव्हतं. मी म्हटलं, "निळी."

"बरं," म्हणाले, आणि निळ्यांकडे बघत राहिले. निळे हरत होते. आम्ही शेवटपर्यंत बसलो.