उतारावरचं ॲव्हरेज

सुरतेतल्या बमरोलीच्या आमच्या टेम्पो स्टँडवर नवी गाडी आली की कुणी मालकाचं अभिनंदन करत नाही. पहिला सवाल एकच, आणि तो घरच्या अहिराणीतच बाहेर पडतो: "ॲव्हरेज किती देस?" लिटरमागे गाडी किती किलोमीटर जाते, ते आमचं ॲव्हरेज. कुणाकडे नवा जावई आला तरी चेष्टेत हेच विचारतात. आणि या ॲव्हरेजमधला शहाणा म्हणजे मी. सव्वीस वर्षं झाली, लूमच्या कारखान्यांतून कोऱ्या कापडाचे टाके, म्हणजे तागे, उचलायचे आणि रंगाच्या मिलवर नेऊन टाकायचे, हा माझा धंदा. गाडी घेण्याआधी मला विचारायचं असा स्टँडवर रिवाजच पडून गेला होता. मलाही ते आवडायचं, खोटं कशाला बोलू?

नव्या गाड्यांबद्दल विचाराल तर माझ्या तोंडून शिव्याच येतील. थोबाडं बघा एकेकीची! पुढची जाळी हीऽ एवढी, दिवे बारीक, डोळे वटारल्यासारखे. उधन्याच्या सिग्नलला एखाद्या शेठची एसयूव्ही मागे येऊन थांबली की आरशात बघून वाटतं, कुणीतरी भांडायलाच आलंय. आत माणसं किती? एक. सामान काय? जेवणाचा डबा. वर काचेचं छप्पर, आणि तेही सुरतेच्या उन्हात! ॲव्हरेज विचारलं तर शेठचा ड्रायव्हर हसतो, म्हणतो, "काका, ते तुमच्यासारख्यांनी विचारायचं." बरं, शेठ लोकांचं शेठ लोकांपाशी. पण हेच थोबाड आता मालाच्या गाड्यांनाही लावायला लागलेत. अरे, टाके वाहायला चेहरा कशाला लागतो? टाक्यांना काय वरातीत मिरवायचंय?

हे सगळं मी अजूनही बोलतो. रोज बोलतो. का बोलतो ते आता सांगतो.

माझा धाकटा भाऊ लिंबायतला लूमवर होता. बारा बारा तास उभं राहून त्याचे पाय सुजायचे, खटखटीनं एक कान बधिर झाला होता. त्याला स्वतःची गाडी हवी होती. पाच वर्षं हेच एक स्वप्न, आणि मीच त्याला सांगत आलो होतो की घेताना मला विचार. पण त्यानं विचारलं नाही. एक दिवस पांढरीशुभ्र पिकअप घेऊन थेट माझ्या दारात उभा. तेच वटारलेले डोळे, तीच जाळी. "भाऊ, दिसस कशी?" म्हणाला. बायको शेजारी बसवलेली, गाडीच्या गळ्यात झेंडूचा हार, आणि याच्या तोंडावर आनंद मावत नव्हता.

मला झोंबलं. अख्खा स्टँड मला विचारतो आणि माझा सख्खा भाऊ विचारत नाही! चाकाखाली लिंबू मीच ठेवलं, नारळ मीच फोडला, आणि सगळ्यांसमोर म्हणालो, "दिसते नवरीसारखी, पिणार म्हशीसारखी." लोक हसले. धाकटाही हसला, पण त्यानं गाडीवरून हात काढून घेतला.

त्यानंतर रोज संध्याकाळी तो माझ्याकडे यायचा आणि शाळेतला निकाल सांगावा तसं ॲव्हरेज सांगायचा. चौदा. पंधरा. मग सोळा. मी म्हणायचो, "माझी तीनचाकी खटारा बावीस देते." खरं तर ती बावीस कशामुळे द्यायची, ती विद्या माझी. सुरतेत पुलांना तोटा नाही. पूल चढून माथ्यावर आलं की चावी फिरवायची, इंजिन बंद. उतारभर गाडी फुकट पळते. खाली आलं की गिअरमध्ये क्लच सोडायचा, आपोआप चालू. सव्वीस वर्षं मी असाच उतरलो, आणि मला काही झालं नाही.

एके दिवशी चहाच्या टपरीवर, चारचौघांत, मी धाकट्याला म्हणालो, "उतारावर गाडी चालू ठेवतोस ना? तिथेच डिझेल जातं तुझं. एवढंही कळत नसेल तर लूमवर जा परत." लूमवर जा परत. उचलली जीभ, लावली टाळ्याला. तो कप खाली ठेवून निघून गेला.

तिसऱ्या दिवशी धावत आला. "भाऊ, आज एकोणीस दिन्हं!" इतका खूष तो मला गाडी आणली त्या दिवशीही दिसला नव्हता. शाब्बास म्हणायला माझं काय जात होतं? मी म्हणालो, "बावीस झालं की ये."

त्यानंतर तो आला नाही, फोन आला. भरदुपारी, पिकअप टाक्यांनी गच्च भरलेली, पुलाच्या माथ्यावर यानं चावी फिरवली. माझ्या तीनचाकीचा ब्रेक साधा, इंजिन असो नसो, पाय दाबला की लागायचा. या नव्या गाड्यांचा ब्रेक इंजिनच्या जोरावर चालतो. इंजिन बंद, तर दोनदा पाय मारेपर्यंत ठीक, तिसऱ्यांदा पेडल दगड. स्टेअरिंगही जड. पुढे स्कुटीवर नवरा-बायको चालले होते. त्यांना वाचवायला यानं गाडी कठड्यावर घातली. ते दोघं वाचले. पुढचा सगळा चेहरा, ती जाळी, ते डोळे आत आले, आणि याचा डावा गुडघा त्यात सापडला.

गॅरेजला गाडीतलं सामान काढायला मी गेलो होतो. खणात कंपनीचं पुस्तक होतं, प्लॅस्टिकसुद्धा फोडलेलं नव्हतं. मी फोडलं. गुजराती मला अडखळत का होईना वाचता येतं. गाडी चालत असताना इंजिन बंद करू नये, ब्रेक आणि स्टेअरिंग जड होतात, असं चौकट करून छापलं होतं. ते पुस्तक मी घरी जाताना खाडीत फेकून दिलं. आणि दुसऱ्या दिवशी स्टँडवर म्हणालो, "सांगत होतो ना! नुसतं थोबाड, ब्रेकच्या नावानं बोंब." सगळ्यांनी माना डोलावल्या. माझा मान उलट वाढला. नाचता येईना अंगण वाकडं म्हणतात. इथं नाच चुकीचा शिकवला मी, आणि अंगणाला नावं ठेवत बसलो.

धाकट्याचा गुडघा आता वाकत नाही. क्लच दाबता येत नाही, लूमवर उभं राहता येत नाही. गाडी भंगारात गेली. तो घरी बायकोबरोबर साड्यांवर टिकल्या चिकटवतो, पाय लांब सोडून. आमच्याकडे हे बायकांचं काम. मी दर रविवारी जातो, चहा पितो आणि नव्या गाड्यांना शिव्या घालतो. तो ऐकून घेतो.

मागच्या रविवारी स्टँडवरचा एक वऱ्हाडी टेम्पोवाला मला शोधत धाकट्याच्या घरीच आला. तशीच पिकअप घ्यायची होती त्याला. मी सुरू झालो: थोबाड, जाळी, ब्रेक. धाकट्यानं साडीवरची नजर न काढता मध्येच म्हटलं, "गाडी चांगली होती. फक्त उतारावर बंद करू नका. ब्रेक दगड होतो. गॅरेजवाल्यानं मला दवाखान्यात येऊनच सांगितलं होतं."

म्हणजे याला पहिल्यापासून माहीत होतं! इतके रविवार मी बडबडत होतो आणि हा गप्प बसून मला सांभाळून घेत होता. माझ्या हातातला चहा निवून गेला.

"मंग तुम्हाले बंद करायले सांगितलं कोणं?" पाहुण्यानं विचारलं.

"कोणी नाही. माझंच डोकं."

इथं मी बोलायला हवं होतं. दोन शब्द पुरे होते, 'मी सांगितलं.' ते घशापर्यंत आलेही. पण तेवढ्यात पाहुणा माझ्याकडे वळला, "मंग दादा, घेऊ का नाही घेऊ?" आणि माझ्या तोंडून सवयीनं निघालं, "ॲव्हरेज किती देते?"

धाकट्यानं साडीवर एक टिकली ठेवली, अंगठ्यानं दाबली.

"चालू ठेवली तर सोळा," तो म्हणाला. "बंद केली तर एकोणीस."