मह्याच्या वाटणीची भाषा

सुजाता वहिनींचा फोन आला तेव्हा मी शीळफाट्याला ऑफिसच्या बसमध्ये अडकलो होतो. "भावजी, महेश गेला... झोपेतच." मी "बरं" म्हणालो, फोन खिशात ठेवला आणि समोरच्या ट्रकवरची अक्षरं वाचत राहिलो. त्याला आता काही आठवडे झाले. रडू अजून आलेलं नाही.

मह्या आणि मी कल्याणला एकाच कॉलेजात. प्रोग्रामर व्हायचं होतं आणि शिकायच्या कॉम्प्युटरच्या भाषा ढीगभर. मग त्यानेच वाटणी काढली. एक भाषा त्याने शिकायची, एक मी, आणि रविवारी त्याच्या डोंबिवलीच्या स्वयंपाकघरात बसून एकमेकांना सांगायचं, ही शिकण्यासारखी आहे की नाही. त्याचे बाबा हसायचे, "गावाला भाऊ जमीन वाटून घेतात, तुम्ही हे काय वाटताय रे?" नोकऱ्या लागल्या, लग्नं झाली, तरी वाटणी चालूच राहिली.

मला नेहमी जाहिरातींत झळकणारी भाषा हवी असायची. मह्या मुकाट उरलेली घ्यायचा. एकदा माझी शिकून होईस्तोवर तिची मागणीच आटली. मी वैतागलो, तर हा बिरड्यासाठी वाल सोलता सोलता म्हणाला, "अरे, भाषा कुठली ते मग बघू. तुला बनवायचंय काय, ते आधी सांग ना." मला सांगता येईना. त्याने मात्र आपल्या रटाळ भाषेत आईच्या डब्यांच्या व्यवसायासाठी प्रोग्राम लिहिलेला... कुणाला कांदा-लसूण नको, कुणाचा उपवास कधी. काकू तो अजून वापरतात. तेव्हापासून मी आधी काम बघतो, मग भाषा. माझं सगळं त्यावरच चाललंय.

शेवटच्या वाटणीत रस्ट नावाची भाषा त्याच्याकडे आली होती. शेवटच्या रविवारी म्हणाला, "डोकं खाते रे, पण मजा येतेय. गणपतीनंतर सांगतो, शिकायची की नाही."

गणपती झाले. ऑफिसात रस्टचं मोठं काम आलं. साहेबांनी मला विचारलं, शिकून घेशील का? असं काम मला कधीपासून हवं होतं. रविवारी डोंबिवलीला गेलो. वहिनींनी भिजवलेले वाल पुढ्यात ठेवले. मी त्यांना सगळं सांगितलं.

"मग शिका ना, भावजी."

"ती मह्याच्या वाटणीची आहे."

 माझे अर्धे वाल सोलून झाले, तसं मी पातेलं नेहमीसारखं समोरच्या रिकाम्या खुर्चीकडे सरकवलं. ते बराच वेळ तिथेच राहिलं.

सोमवारी साहेबांना नाही म्हणालो. शिकायची की नाही, ते मह्या सांगणार होता.