जेवणाच्या सुट्टीतला वाद
सुक्या जवळ्याचा वास आला की द्रोणागिरीच्या गोदामातली एक दुपार आठवते. तांबड्या समुद्रात जहाजांवर हल्ले करणाऱ्या अतिरेक्यांवर एक परदेशी सरकार बॉम्ब टाकत होतं. "नुसत्या बॉम्बनी काय होणार? सैन्य उतरवायला पायजे," मी म्हणालो. "म्हणजे अजून दहा वर्षं लढाई," सहकारी म्हणाला. आमचे आवाज चढले, तसा शेजारी जेवणाऱ्या उरणच्या मावशींनी आपला जवळ्याचा डबा झाकला. "माजा पोरगा तिथंच जहाजावर हाय. चार दिवस फोन नाय," त्या शांतपणे म्हणाल्या. "तुमचं ठरलं की सांगा." मुलगा महिन्याभरानं सुखरूप परतला. मावशींनी पेढे वाटले, पण आमच्यासोबत जेवायला पुन्हा बसल्या नाहीत. हल्ली असा वाद निघाला की मी आधी विचारतो, तिकडे कुणाचं कोण आहे का. बहुतेक वेळा कुणीतरी असतंच.