डिंगोऱ्यावरून जाऊ

आक्काचा फोन आला तेव्हा मी चिंचवडला कणीक मळत होते. "माले, दाजी गेलं गं..." एवढंच ती बोलली. बाकीचं नंतर कळलं. छातीत जळजळतंय म्हणून दाजी सकाळी राजुरीहून मंचरच्या दवाखान्यात निघाले होते. गाडी तेच चालवत होते, आक्का शेजारी बसलेली. वाटेत एका ओळखीच्या घरासमोर त्यांनी गाडी थांबवली. का, तर दारात माणूस दिसला! तो म्हणाला, "या की, च्या घ्या," आणि हे उतरले. त्याच ओसरीवर, चहा यायच्या आत, सगळं आटोपलं. डॉक्टर म्हणाले, थेट आले असते तरी काही सांगता आलं नसतं. त्यांना काय जातंय म्हणायला! सव्वा महिना झाला, माझा संताप काही जात नाही. अहो, छातीत दुखतंय ना तुमच्या? मग चहाला कसले थांबता?

पण हा माणूस जन्मभर तसाच वागला. ओळखीच्या दारावरून न थांबता पुढं जाणं म्हणजे त्या घराचा अपमान, असं आमच्या भागात सगळेच म्हणतात. म्हणतात आणि गाडी दामटतात. दाजी मात्र ते पाळायचे. घर जवळ आलं की वळणावर दोनदा हॉर्न वाजवायचे, म्हणजे आतल्या बाईने आधण ठेवावं. गाडीच्या डिक्कीत एक निळी पिशवी कायम भरलेली असायची, नारळ, बिस्किटांचे पुडे, राजगिऱ्याचे लाडू. "मोकळ्या हातानं कुणाच्या दारात जाऊ नाय, मेव्हणीबाई," हे मला ऐकवायचे. मी म्हणायचे, दाजी, दारातच जाऊ नका ना, म्हणजे पिशवीही नको. त्यावर नुसते हसायचे. त्या हसण्याने तर माझं डोकं आणखी फिरायचं.

गेल्या उन्हाळ्यातलीच गोष्ट घ्या. आमचं गाव डिंभ्याच्या धरणात गेलं तेव्हा मी शाळेत होते. माणसं मिळेल तिकडे पांगली. उन्हाळ्यात पाणी उतरलं की जुन्या घरांची जोती उघडी पडतात, आणि आईला एकदा आपलं जोतं बघायचं होतं. आई माझ्याकडे असते, ऐंशी ओलांडलेली, गुडघे धरलेले. पाऊस लागला की पुन्हा वर्षभर सगळं पाण्याखाली, आणि वर्षाचा भरवसा तिला स्वतःलाच नव्हता. म्हणून मी रजा काढून तिला राजुरीला नेलं आणि दाजींना हात जोडून सांगितलं, उद्या कुठेही थांबायचं नाही, सरळ पाणी गाठायचं. "तुमी म्हणाल तसं," म्हणाले.

आणि आळेफाट्यावर नारायणगावकडे वळायचं सोडून गाडी सरळ ओतूरच्या रस्त्याला! मी ओरडलेच. तर म्हणे, "डिंगोऱ्यावरून जाऊ. तुमच्या सखूमावशीला उभ्या उभ्या भेटू, आन् जुन्नरवरून घोडेगावला निघू. रस्ता एकच हाये." कसला एकच, कप्पाळ! सखूमावशी म्हणजे आईची जुन्या गावातली शेजारीण. धरणानंतर लेकाबरोबर डिंगोऱ्याला आलेली, आता डोळे गेलेले. उभ्या उभ्याचं जेवण झालं. मग जुन्नरला आमच्या गावचा शिंपी. मग घोडेगावात आणखी दोन घरं. सगळी आमच्याच बुडालेल्या गावची माणसं, मला धड चेहरेही आठवत नव्हते, पण दाजींना प्रत्येकाच्या नातवाचं नाव पाठ. प्रत्येक ओसरीवर मी घड्याळ बघत उभी आणि आई आत गप्पांत बसलेली. धरणावर पोचलो तेव्हा दिवेलागण झाली होती. समोर काळं पाणी. डोंगर दिसेना, तिथे जोतं काय दिसणार! परतीला मी दाजींशी एक अक्षर बोलले नाही. ते आपले आरशातून आईला विचारतात, "मामी, दमला न्हाई ना?" आठवड्याने पाऊस लागला.

म्हणून गेल्या रविवारी मी दाजींचीच गाडी काढली. आई मागे, आक्का शेजारी. कुठेही थांबले नाही. मंचरला ओळखीच्या माणसाने हात केला, तरी नाही. ऊन तापायच्या आत पाण्याकाठी होतो. पाणी खूप खाली गेलेलं, गाळात दगडांच्या रांगा, डोंगर स्वच्छ दिसत होते. आईला धरून खाली उतरवलं. काठी टेकत ती थोडी फिरली, एका दगडाला हात लावला.

"हेच का आपलं?" मी विचारलं.

"आसंल. दगडं हायेत नुसती."

"आई, वर्षभर तू हेच म्हणत होतीस ना!"

"गाव बघायचं व्हतं मला. ते गेल्या साली बघून झालं. पावण्यांनी घरोघर नेऊन दाखवलं की." मग माझ्याकडे बघून म्हणाली, "चल. डिंगोऱ्यावरून जाऊ."

गाडी जुन्नरच्या रस्त्याला घातली. आक्का म्हणाली, "माले, जपून. मावशीला अजून सांगितलेलं न्हाई." दहाव्याला मावशीचा लेक एकटाच आला होता. म्हातारीला हे सोसायचं नाही म्हणून घरात सगळे गप्प होते.

डिंगोऱ्यात वळणावर म्हैस आडवी आली आणि मी हॉर्न दाबला. दोनदा. दाबल्यावर लक्षात आलं... तोवर आतून मावशीचा आवाज, "आगं, पावणं आलं! च्या ठेव, साखर लई टाक त्यांच्या कपात!"

आक्काने तोंडाला पदर लावला. आई शांतपणे म्हणाली, "डिक्कीतली पिशवी घे." ती तशीच होती, भरलेली. आक्काने हात लावला नव्हता.

मी पिशवी घेऊन उंबऱ्यात उभी राहिले. मावशीने चाचपून पिशवी ओळखली, मग माझा हात धरला. "माले, तू व्हय? आन् पावणं कुठं ऱ्हायलं?"

बघा दाजी! एवढ्या घरांत मला ओढून नेलंत, आणि हे सांगायचं तेवढं माझ्यावर टाकून गेलात. आई काठी टेकत मागून येत होती, आक्का दाराबाहेरच थांबलेली. आत आधणाला उकळी फुटली होती.

"गाडी लावतायत, मावशी," मी म्हणाले, आणि चहाला बसले.