गोचीड नसलेल्या गाईचा ताप

जिल्ह्याच्या ऑफिसातून सरांचा फोन आला तेव्हा माझा हात कोपरापर्यंत म्हशीत होता. गाभण आहे का ते बघत होते. आमच्या हमीदचाचांनी टेबलावरचा फोन उचलून माझ्या कानाशी धरला.

"मॅडम, तुमच्या भागात गोचीड कमी झालेत का नाही? एका वाक्यात सांगा."

"झालेत सर," मी म्हटलं. "रिपोर्ट संध्याकाळी पाठवते."

म्हैस गाभण निघाली. ते निदान बरोबर आलं. गोचिडाचं पार चुकलं.

मी पिशोरच्या बाजूला एका सरकारी जनावरांच्या दवाखान्यात डॉक्टर आहे. माहेर शहरातलं, गुलमंडीच्या मागं, घरात सगळे कारकून नाहीतर मास्तर. गाय आम्ही फक्त रस्त्यात आडवी आली तरच पाहायची. त्यामुळं सुरुवातीला गावातली म्हातारी माणसं मला बघून गालात हसायची. आता हसत नाहीत. माझा हात चांगला आहे, निदान चांगलं आहे, आणि हे मलाही चांगलंच माहीत आहे. तिथंच घोडं पेंड खातं.

वरून विचारणा आली होती की इतकी वर्षं फवारणी चालू आहे, तर खेड्यात गोचीड कमी झालेत का? मोजायची रीत सोपी. जनावराची एकच बाजू तपासायची. कान, गळ्याखालची लोंबती कातडी, कास, शेपटीच्या खाली. जो आकडा येईल त्याची दुप्पट करायची आणि फॉर्मवर लिहायची. मी गावोगावी शिबिरं लावली. दोन दिवस आधी व्हॉट्सॲपवर निरोप टाकले, सरपंचांना फोन केले. लोक गायी घेऊन आले. गायी अशा चकाचक की पोळा उद्यावर आलाय असं वाटावं. कुणाच्या कानात एखादा गोचीड, कुणाच्या कासेला दोन. बहुतेक रकान्यात मी शून्य लिहिलं. ही सगळी माझ्याच फवारणीची करामत, असं म्हणून मी माझी पाठ थोपटून घेतली आणि रिपोर्ट पाठवून दिला.

त्याच आठवड्यात अजिंठ्याकडच्या दवाखान्यातल्या माझ्या बॅचमेटचा फोन आला. त्याच्याकडं गोचीडतापाच्या केसेस होत्या आणि त्या तापाचं इंजेक्शन संपलं होतं. माझ्याकडच्या दोन्ही बाटल्या मी त्याला देऊन टाकल्या. वर ऐकवलंही, की आमच्याकडं आता लागत नाही रे, तू फवारणी नीट करत जा. तो बिचारा थँक्यू म्हणाला.

चार दिवसांनी द्वारकाबाईंचा फोन आला. पिशोरपासून थोड्या अंतरावर वस्ती आहे, तिथं त्या राहतात. पन्नाशीच्या, बोलायला सडेतोड. त्यांची एक संकरित गाय, विऊन दोन आठवडे झालेले. बचत गटातून घेतलेली. शेत सासऱ्यांच्या नावावर, घर नवऱ्याच्या नावावर, गाडी पोराच्या नावावर. गाईच्या कानातल्या बिल्ल्यावरच्या नोंदीत तेवढं द्वारकाबाईंचं नाव. जगात त्यांच्या नावावर असलेली वस्तू एवढीच, असं त्या स्वतःच हसत सांगायच्या. त्या दिवशी मात्र हसत नव्हत्या. गाईनं चारा सोडला होता आणि दूध एकदम अर्ध्यावर आलं होतं.

मी आणि हमीदचाचा गेलो. चाचा आमच्याकडं ड्रेसर आहेत, म्हणजे जखमा बांधणं, जनावर धरणं, सुया उकळणं. मी शाळेत होते तेव्हापासून ते या कामात. थर्मामीटर लावला. एकशे सहा. गाईला एकशे दोनपर्यंत ठीक, त्यापुढं ताप. मी कान उलटे करून बघितले, कास बघितली, शेपटी वर केली. गोचीड नाही.

चाचा गाईच्या खांद्यापुढं हात फिरवत होते. ते म्हणाले, "मॅडम, जरा हिथं हात लावा. गाठ सुजेली दिसती मेरे को."

"चाचा, अंगावर गोचीडच नाहीत, तर गोचीडताप येईल कुठून?"

"तुम बोले तो वैसा," चाचा म्हणाले आणि बॅग आवरायला लागले.

मी गाठीला हात लावला नाही. मला आज लिहिताना लाज वाटते, पण नाहीच लावला. माझाच रिपोर्ट माझ्या डोक्यात बसला होता. व्याल्यानंतरचं इन्फेक्शन असेल म्हणून ताप उतरायचं एक आणि अँटिबायोटिक एक, अशी दोन इंजेक्शनं दिली आणि उद्यापर्यंत उठून खाईल असं छातीठोक सांगून आले.

दुसऱ्या दिवशी सकाळी गाय खाली बसलेली. तोंड उघडं टाकून धापा टाकत होती. ओठ उलटा करून पाहिला तर हिरड्या पांढऱ्याफटक. म्हणजे रक्त संपत चाललंय. आता मी खांद्यापुढची गाठ दाबली. चांगली लिंबाएवढी हाताला लागली. चाचांनी न सांगताच बॅगेतून सुई काढून माझ्यापुढं धरली.

गाठीत बारीक सुई घालून थेंबभर पाणी काचेवर घेतलं, दवाखान्यात येऊन रंग दिला, मायक्रोस्कोपखाली धरलं. पांढऱ्या पेशींच्या पोटात निळसर ठिपके. गोचीडतापाचे जंतू असेच दिसतात. गोचीड चावला की हे जंतू गाईत शिरतात, आधी गाठी सुजवतात आणि मग रक्त खातात. गावरान गाय पुष्कळदा निभावून नेते, संकरित गाय लवकर मान टाकते. इंजेक्शन वेळेत मिळालं तर वाचते. आणि इंजेक्शन मी उदार होऊन वाटून बसले होते.

बॅचमेटला फोन केला. काय झालं ते सरळ सांगितलं. एक बाटली शिल्लक होती. तो सिल्लोडपर्यंत घेऊन आला, मी इकडून गेले. बाटली हातात देताना म्हणाला, "फवारणी नीट करत जा गं." मी ऐकून घेतलं. दुसरं करणार काय?

दुपारी गाईच्या मानेत इंजेक्शन दिलं, सलाईन लावली. मग मी द्वारकाबाईंना स्वच्छ सांगितलं की काल माझं चुकलं, हे कालच द्यायला हवं होतं, आता वाचेल असं वाटतं पण शब्द देत नाही. ओरडल्या असत्या तर मी समजू शकले असते. त्यांनी वासराला जवळ ओढलं आणि पदर डोळ्याला लावला.

थोड्या वेळानं मीच विचारलं, "द्वारकाबाई, तुमच्या गाईला गोचीड कधीच नव्हते का?"

"नव्हते कसे? लई हायेत. रोज सकाळी धार काढायच्या आधी मूठभर येचून काढते मी."

"मग शिबिरात एकही नव्हता तो?"

"तुमी येणार म्हून मेसेज आल्ता ना. आदल्या दिशी समद्या वस्तीवर बाया त्याच कामाला लागलेल्या. गोचडाची गाय डाक्टरपुढं नेत असतेत व्हय? मान्सं काय म्हनतील, हिच्या हाताला काय झालं?"

माझ्या आईनं कामवाली यायच्या आधी घर आवरायचं, त्यातलाच हा प्रकार. आणि मी त्या आवरलेल्या घराचा रिपोर्ट शासनाला पाठवला होता.

"वेचलेले गोचीड टाकता कुठं?"

त्यांनी हात दाखवला. गोठ्याची मागची भिंत, दगडमातीची. "हितं. मारायचं जिवावर येतं, किळस येती. कडंला टाकून देते."

चाचांनी स्क्रूड्रायव्हर आणला आणि भिंतीच्या एका फटीतली माती उकरली. आत गोचीड एकावर एक चिकटून बसलेले. रक्त पिऊन टम्म झालेल्या माद्या आणि त्यांच्याखाली तपकिरी अंड्यांचे पुंजके. एक मादी हजारो अंडी घालते. तिला अंडी घालायला गाईवरून खाली उतरावंच लागतं. ती आपणहून उतरायच्या आधीच द्वारकाबाई तिला नेमकी तिच्या बाळंतिणीच्या खोलीत नेऊन सोडत होत्या. त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. सांगायचा पगार मी घेते.

मी गोठ्यातूनच सरांना फोन लावला. रिपोर्ट चुकीचा आहे म्हटलं.

"अहो, तो वर गेला," सर म्हणाले. "सह्या झाल्यात."

"त्यावर पहिली सही माझी आहे सर. मीच म्हणते की तो खोटा आहे. मला पुन्हा मोजू द्या. न कळवता, सकाळी धारेच्या वेळी, आणि भिंतीसुद्धा."

"भिंतीचा रकाना नाहीये फॉर्ममध्ये."

"मी पेनानं आखते."

सर बराच वेळ बोलले. माझ्या करिअरची त्यांना काळजी वाटते असं त्यात होतं. शेवटी म्हणाले, "करा, पण लवकर करा. कारणाचं पत्र तुमच्या नावानं द्या." पत्र मी त्याच संध्याकाळी दिलं.

गाईनं तिसऱ्या दिवशी कडवळाची, म्हणजे हिरव्या ज्वारीची, दोन ताटं ओढली. द्वारकाबाईंनी लगेच फोन करून कळवलं. दूध पहिल्याइतकं त्या वेतात काही आलं नाही, पण गाय वाचली. गोठ्याच्या फटी आम्ही फ्लेम गननं जाळून लिंपून घेतल्या. वेचलेले गोचीड टाकायला वस्तीवर घरोघरी औषधाच्या पाण्याचे डबे ठेवले.

दुसरी मोजणी सकाळी अंधुक उजेडात, कुणालाही न सांगता केली. बायका चिडल्या. एकीनं तर मला दारातच उभं केलं आणि परक्याच्या घरात असं कुणी शिरतं का म्हणून झापलं. बरोबरच होतं तिचं. सिमेंटचे गोठे झालेत तिथं गोचीड खरंच कमी निघाले. दगडमातीच्या गोठ्यांत ते होते तिथंच आहेत, आणि मजेत आहेत. दुसऱ्या रिपोर्टमध्ये मी तसंच लिहिलं. गाईच्या अंगावर मोजलेला आकडा हा घरातल्या बाईच्या सकाळच्या कष्टाचा असतो, गोचिडांचा नसतो, असंही एक वाक्य घातलं होतं. ते सरांनी खोडलं.

शिबिरं अजून होतात. गाय धरून पुरुषच येतात, कारण डॉक्टरपुढं उभं राहायचं काम त्यांचं. पहिल्या शिबिरात द्वारकाबाईंची गायही त्यांच्या यजमानांनीच आणली होती, आणि गोचीड नाहीत असं मान हलवून सांगितलंही होतं. ते खोटं बोलत नव्हते. त्यांनी त्या कासेला कधी हात लावलेला नव्हता. आता मी पुरुषाच्या हातातलं दावं खांबाला बांधायला लावते आणि सांगते, धार कोण काढतं तिला बोलवून आणा. तोवर पेन उघडत नाही.