हौसाआत्यानं फी कुठून आणली

हौसाआत्या माझ्या बापाची धाकटी बहीण. वय अडतीस. हमरापूरला दिनानाथशेठच्या कारखान्यात ती गणपतीचे डोळे काढायची. त्याला आमच्यात आखणी बोलतात. कारखान्यात माणसं पुष्कळ. कोण साचे भरतो, कोण घासतो, मी बॉडी कलर मारते. पण आखणीला हात एकटीचा. डोळे दोन हातांचे झाले तर एकाच कारखान्याचे गणपती सावत्र भावांसारखे दिसतात, असं शेठ बोलतो.

मी नववीत शाळा सोडली तेव्हा घरात सगळे ओरडले, आत्या नाय ओरडली. बोलली, उद्यापास्नं माझ्यासोबत ये. म्हणून तिला कोण वाकडं बोललं की माझं डोकं फिरतं.

आत्या गोणपाटाच्या पडद्यामागं बसायची. तो पडदा माझ्या आज्याचा, विठूआज्याचा. त्यानं तिला आखणी शिकवली ती पण पडद्यामागं, आणि बोलला, कोणाला दाखवू नको. आत काय करते कोणाला ठाऊक नव्हतं. बाया बोलायच्या, मंत्र मारते. कारण तिचा गणपती तुमच्याकडं बघतो. दुसऱ्या कारखान्यातले तुमच्या डोक्यावरून मागच्या भिंतीकडं बघतात. मला पण तिनं कधी आत घेतलं नाय. राग यायचा, खोटं कशाला बोलू.

प्लास्टरच्या मूर्तींचं कोर्टामुळं आता कधी बंद, कधी चालू. एका वर्षी ऑर्डर निम्म्या, पुढच्या वर्षी कोर्टात काय होतंय बघू. आत्या बोलायची, देवाचं पोट कोर्टावर चाललंय, माझं कशावर चालवू? शेठचा छोटा टेम्पो तीच चालवायची, माती आणायची, मूर्ती पेणला पोचवायची, लायसन्स होतं. त्या फेऱ्यांमध्ये कोणीतरी तिला सांगितलं की रोह्याच्या कंपन्यांना फोर्कलिफ्ट चालवायला बाया पायजेत. पुढं दोन लोखंडी दांडे असतात, माल उचलून वर ठेवायचा, ती गाडी. रोह्यात एक जण महिन्याभराचा कोर्स घेतो, सर्टिफिकेट देतो. फी अठरा हजार. बॅच येता सोडून पुढच्या सोमवारी सुरू, पैसे त्याच दिवशी. तिला कळलं तो गुरुवार होता. म्हणजे हातात अकरा दिवस.

त्या अकरा दिवसांत आत्या नीट जेवली नाय. ब्रश धुवायला उठायची आणि ब्रश तिथंच ठेवून यायची.

पयला गेलो एका सरकारी ऑफिसात. फुकट शिकवायची योजना होती, पण ती पस्तीसपर्यंत. तिथल्या बाईनं आत्याला वरपास्नं खालपर्यंत बघितलं आणि बोलली, ताई, तीन वर्षं लवकर यायचं. मी बोलले, तीन वर्षांपूर्वी तुमी पाटी लावली होती काय? आत्यानं माझ्या हाताला चिमटा काढला आणि मला बाहेर नेलं.

मग बँक. बँकेवाला बोलला कर्ज मिळेल, धंदा दाखवा. धंदा नाय, शिकायचंय. तो बोलला, शिकणं तारण ठेवता येत नाय, मशीन घ्या, शेळ्या घ्या. मी बाहेर येऊन आत्याला बोलले, गंगीच्या दोन शेळ्या आणते, फोटो काढू, पैसे घेऊ, शेळ्या परत देऊ. गंगी आमच्यासोबत घासकाम करते, नदीकडच्या वाडीवरची, शेळ्या तिनं दिल्या असत्या. आत्या पेणच्या स्टँडवर उभी राहून हसली. बोलली, नि साहेब बघायला आला की त्याला काय सांगशील, शेळ्या रोह्याला कोर्सला गेल्या?

मग भिशी. कारखान्यातल्या आमी सहा बाया दर महिन्याला तीन-तीन हजार टाकतो. चिठ्ठी निघेल तिला अठरा. बरोब्बर अठरा. चिठ्ठी सोडून मधेच उचलायची तर तीनच कारणं चालतात, लग्न, दवाखाना, मयत. हा नियम बायजाकाकीचा. ती सगळ्यात मोठी, भिशी तिच्याकडं. आत्यानं विचारलं तर काकी पॉलिश पेपर खाली न ठेवता बोलली, "शिकणं यात कुठं बसतंय गो? तुला दिली तर उद्या रंभा बोलंल मला गोवा बघायचाय."

रंभा बोलली, बघायचाच हाय. सगळ्या हसल्या. आत्या पण हसली, पण पडद्यामागं गेली ती संध्याकाळपर्यंत बाहेर नाय आली.

शुक्रवार आला. दोन दिवस राहिले. मला काय बसवेना. आत्याला न सांगता मी शेठकडं गेले आणि तोंडावर बोलले की वीस वर्षं तिच्या डोळ्यांवर तुमचा माल खपतो, तिची फी तुमी भरायला पायजे. शेठनं विचारलं कसली फी. तेव्हा माझ्या ध्यानात आलं की मी काय करून बसले. त्याला ठाऊकच नव्हतं ती जाणार हाय ते.

शेठ माणूस वाईट नाय, पण हिशेबी. त्यानं आत्याला बोलावलं, चहा मागवला. मी दारात उभी. बोलला, अठरा हजार आत्ता देतो, परत नको. फक्त माझ्या सुनेला, मैनाला, आखणी शिकवायची. एकट्या मैनाला, पडद्यामागं. दुसऱ्या कोणाला नाय, आणि दुसऱ्या कारखान्यात बसायचं नाय. पैसे टेबलावर काढून ठेवले.

मला वाटलं झालं काम. आत्या बोलली, उद्या सांगते.

घरी येताना रस्त्यात मी तिच्याशी भांडले. पयलं मी शेठकडं गेले म्हणून ती मला बोलली, मग तिनं पैसे का नाय उचलले म्हणून मी तिला बोलले. ती भरभर चालत होती, मधेच थांबत होती, परत चालत होती. शेवटी बोलली, "पडदा माझा होता तोवर ठीक होतं, सरू. आता तो शेठचा होणार. मी रोह्याला जाईन, नि तुमी सगळ्या त्याच्या बाहेर बसून जन्मभर अंगच रंगवाल."

मी बोलले, मग काय सोमवारी जायचंच नाय?

तिनं पदर खोचला आणि परत भरभर चालायला लागली.

शनिवारी सकाळी तिनं शेठला सांगितलं, नाय जमायचं. आणि दुपारच्या जेवणाच्या सुट्टीत, बाया डबे उघडून बसल्या होत्या तेव्हा, गोणपाट खिळ्यावरून काढलं, घडी केली आणि त्याच्यावरच बसली. बायजाकाकीला बोलली, "मी तुमा पाच जणींना आखणी शिकवते. आखणीचा रेट बॉडी कलरच्या तिप्पट हाय, नि गावात कारखाने पुष्कळ. भिशी मला द्या."

काकी बोलली आधी दाखव.

मी आत्याला डोळ्यांनी नको नको खुणावलं. कारण दाखवलं आणि यांनी पैसे नाय दिले, तर शेठकडचं पण गेलं आणि पडदा पण.

आत्यानं एक मूर्ती घेतली आणि उंच स्टुलावर ठेवली. स्वतः खाली जमिनीवर बसली, मांडी घालून. मान वर. ब्रश वर केला, वरची पापणी, खालची पापणी, मग बुबुळ, जरा खालच्या अंगाला. झालं. आमी सगळे मूर्ती टेबलावर समोर घेऊन रंगवतो, तोंडासमोर तोंड. घरात तर देव मखरात वर बसतो आणि माणूस खाली पाटावर. विठूआज्या पाटावरच्या माणसाच्या जागेवरनं डोळे काढायचा. एवढंच.

"नि मंत्र?" काकीनं विचारलं.

"मंत्र नाय."

"वीस वर्षं स्टूल लपवलंस तू आमच्यापास्नं?"

रंभाला ठसका लागला. भिशीतलीच भागी बोलली, हे तर आमी फुकटात शिकलो की. आत्याचं तोंड उतरलं ते मी बघितलं. मी भांडायला उठत होते, तेवढ्यात काकीनं ब्रश घेतला. तुटक्या सोंडेची एक मूर्ती स्टुलावर ठेवली, खाली बसली, मान वर केली आणि काढले डोळे.

देव हवालदारासारखा बघायला लागला. चोरी पकडल्यासारखा.

काकीनं पुसले, परत काढले. आता एक डोळा आमच्याकडं, एक पेणकडं. तिसऱ्यांदा हात वर धरून धरून भरून आला, रंग मनगटावरून कोपरापर्यंत ओघळला. तिची भाकर तशीच राहिली. जेवणाची सुट्टी संपली, पलीकडं घासायची मशीन सुरू झाली, काकी उठेना. मग ब्रश आत्याच्या हातात दिला.

बोलली, "हे बघून नाय यायचं. शिकवावंच लागंल. किती दिवस लागतात?"

आत्या बोलली, बापानं मला दोन वर्षं शिकवलं.

"मग रोज संध्याकाळी रोह्यावरनं आलीस की तासभर बसायचं. दमले बोलायचं नाय."

आत्या बोलली बसेन. काकीनं बाकीच्यांकडं बघितलं. गंगी बोलली माझं व्हय, पण मला पयलं शिकव, माझा हात काकीपेक्षा बरा हाय. रंभा बोलली, म्हणजे शिकणं आता चौथं कारण. काकी बोलली, कारणबिरण नाय, ही आपल्याच शिकण्याची फी हाय, गप बस. भागी जरा कुरकुरली, मग तिनं पण मान हलवली. रविवारी काकीनं अठरा हजार आमच्या घरी आणून दिले.

शेठ चिडला. टेम्पोची चावी आत्याकडनं काढून घेतली. मैना मात्र गुपचूप येऊन विचारून गेली की संध्याकाळी मी पण बसू काय. काकी बोलली तीन हजार आण.

सोमवारी मी आत्यासोबत पेणवरनं रोह्याच्या गाडीत बसले. ती खिडकीशी बसली, मग दारात गेली, मग परत आली. तीनदा पिशवी उघडून पैसे बघितले. मी बोलले, आत्या, पळून नाय जात ते. बोलली, मीच पळून जाईन की काय त्याची भीती वाटतेय. आजवर तिला असं बोलताना मी ऐकलं नव्हतं, मग मी तिची पिशवी माझ्या मांडीवर घेतली.

कोर्सवाल्याचं ऑफिस पत्र्याचं. मागं अंगण, त्यात पिवळी गाडी, लाकडी फळ्यांचे ढीग. पंधरा-सोळा पोरं, बाई एकटी आत्या. टेबलावरच्या माणसानं पैसे मोजले, फॉर्म पुढं केला. शेवटच्या ओळीत होतं, फी भरणाऱ्याचं नाव. त्यानं विचारलं, काय लिहू, नवरा की वडील?

आत्यानं पेन मागून घेतलं आणि स्वतःच लिहायला लागली. बायजा. रंभा. गंगी. भागी. सरू. हौसा.

"अहो, एकच ओळ आहे," तो बोलला.

"मावतात," आत्या बोलली. तिनं एवढुशा अक्षरात सहाच्या सहा नावं त्या ओळीत बसवली, एक पण बाहेर गेलं नाय. माणसानं फॉर्म उचलला, डोळ्यांजवळ नेऊन वाचला, मग शिक्का मारला.

बाहेर कोणीतरी हेल्मेट वाटत होतं. आत्याला आलं ते मोठं होतं, कपाळावर घसरत होतं. तिनं पट्टा ओढून घट्ट केला आणि पोरांच्या पुढं जाऊन उभी राहिली.