गोणीभर नारळ आणि एक बाटली: बीड ते अंबाजोगाई

प्रवासाला निघताना खोटं बोलू नये. बोललात तर किमान नारळ मावतील एवढी मोठी गाडी ठरवा.

आमची गौरी नऊ वर्षांची आहे. तिला चालता-बोलता येत नाही, मान धरायलाही आधार लागतो. पण हसते अशी की समोरचा आपलं काम विसरतो. तिला झटके येतात. मोठा झटका आला की मग कितीतरी दिवस ती हसत नाही, आणि या वर्षी तर आम्ही तिचं हसू जवळजवळ विसरलोच होतो. सगळ्या गोळ्या करून झाल्या. शेवटी तिच्या मेंदूच्या डॉक्टरांनी सांगितलं, की भांगेच्या पानांपासून केलेलं एक आयुर्वेदिक तेल आहे, कायदेशीर आहे, चिठ्ठीवर मिळतं, चालू औषधांसोबत देऊन बघू. ते लिहून देणाऱ्या वैद्यबाई अंबाजोगाईला.

आमच्या ह्यांचं हार्डवेअरचं दुकान. धंदा लोखंडाचा, काळीज पापडाचं. "भांग म्हटलं की गल्लीत बोभाटा होईल, पोलीस येतील," म्हणून त्यांनी फर्मान काढलं, "कुणी विचारलं तर योगेश्वरीच्या दर्शनाला चाललोय म्हणायचं."

आता आमच्याकडे कुणी देवीला निघालं की ज्यांना जाणं जमत नाही ते आपला नारळ सोबत देतात. हे लहानपणापासून पाहिलेलं, तरी ऐनवेळी दोघांच्याही डोक्यात आलं नाही. सकाळी दार उघडलं तर शेजारच्या मंगलकाकू नारळ आणि खण घेऊन उभ्या. त्यांच्यामागे शिंपीणबाई, त्यांच्यामागे पिठाच्या गिरणीवाले. प्रत्येकाला विचारलं, "देवीला काय सांगू?" काकू म्हणाल्या, "म्या सांगितलंय तिला. तू निस्तं वहा." बाकीच्यांचंही तेच. शेवटी दुकानातून रिकामी गोणी आणावी लागली.

गाडी सलीमभाईंची. ते मेकॅनिक, त्यांची व्हॅन त्यांच्याच हातची, त्यामुळे वाटेत बंद पडली तरी काळजी नाही. मागची सीट काढून गादी टाकली होती. असं मूल घेऊन जाणाऱ्यांनी हे नक्की करा, शिवाय दोन्ही बाजूंना उशा. त्यांनीही एक नारळ पुढे ठेवला. "आमच्या घरातून," म्हणाले, "आन् फक्त पेट्रोलचं बघा, वहिनी."

मांजरसुंब्याला चहा घेतला. इथल्या ढाब्यांवर भाकरी, पिठलं आणि डोळ्यांतून पाणी काढणारा ठेचा मिळतो. आमच्या ह्यांना घास उतरेना.

"दादा, कावून एवढं घाबरता?" सलीमभाई म्हणाले. "आपण काय बँक लुटायला चाललोय व्हय?"

नेकनूरपर्यंत रस्ता लोण्यासारखा, पुढे अधूनमधून गतिरोधक. पूर्वी गतिरोधकावर गौरी खिदळायची. सलीमभाईंनी दोनदा मुद्दाम जरा जोरात गाडी उडवली. ती छताकडे बघत राहिली. मी खिडकीबाहेर बघितलं, कारण रडू आलं होतं.

आधी देवीला गेलो. खोटं निभवायचं तर पूर्ण निभवायचं. पुजाऱ्यांनी गोणी बघून विचारलं, "कुणाच्या नावानं?"

"गल्लीच्या," हे म्हणाले. दुसरं सुचणार तरी काय!

वैद्यबाईंकडे बरीच गर्दी. आमचा नंबर आल्यावर हे पुढे वाकून कुजबुजले, "ते... हिरवं औषध."

"भांगेचं तेल होय?" बाई खणखणीत आवाजात म्हणाल्या. बाहेरची सगळी बाकडी आत वळली. "शिवरात्रीला गल्लीभर घोटता तेव्हा लाजता का?"

दरवर्षी मोठं पातेलं आमचंच असतं.

बाईंनी फाईल वाचली, गौरीला तपासलं, तिच्या डॉक्टरांना फोन लावला. तो बोलण्याचा वेळ मला फार लांब वाटला. मग म्हणाल्या, "गुण येईलच असं मी सांगणार नाही. थोड्या मात्रेनं सुरू करू. आधीच्या गोळ्या एकही बंद करायची नाही." आणि लिहून दिलं. बाटली तिथंच घेतली, चिठ्ठी मी घडी करून पर्समध्ये ठेवली.

परतीत केजच्या पुढे नाकाबंदी. ह्यांनी बाटली प्रसादाच्या गोणीत, खोबऱ्याखाली दडवली होती. चिठ्ठी जवळ, सगळं कायदेशीर, तरी कपाळावर घाम.

"काय हाय गोणीत?" हवालदारांनी विचारलं.

"गांजा न्हाई, साहेब!"

सलीमभाईंनी कपाळावर हात मारला.

"म्या कुठं गांजा इचारला?" हवालदार म्हणाले. "उतरा खाली."

मी चिठ्ठी दिली, बाटली दिली. ते वाचत असताना मागून एक ट्रक न थांबता चालला, तेव्हा त्यांनी जोरात शिट्टी फुंकली. आणि गौरी हसली. मोठ्यानं, पोट हलवत.

हवालदारांनी वाकून आत बघितलं. पुन्हा फुंकली. ती पुन्हा हसली. मग रस्त्यावर एक गाडी नसताना त्यांनी चार-पाच वेळा शिट्टी वाजवली, बाटली परत दिली आणि ह्यांना म्हणाले, "आता एवढं लपवू नका, राव. लपवलं की आमाला शंका येती." प्रसादाचं खोबरंही घेतलं.

घरी गल्ली प्रसादासाठी थांबलेलीच. मी मान खाली घालून वाटत होते, तेवढ्यात मंगलकाकूंनी विचारलं, "औषध दिलं का बाईनं?"

"तुम्हाला कसं कळलं?"

"भांगेला पोलीस धरत्यात का, हे तुझ्या नवऱ्यानं अख्ख्या बाजारात इचारलंय!"

"मग नारळ कशाला दिले सगळ्यांनी?"

"आता कशाला म्हंजे?" काकू चिडल्याच. "ते काय आमच्यासाठी व्हते व्हय गं?"

मला पुढचं खोबरं वाटता आलं नाही. शिंपीणबाईंनी ताट हातातून घेतलं.

तेल सुरू होऊन काही महिने झाले. झटके थांबलेले नाहीत, कमी झालेत. वाईट दिवस अजून येतात, पण मधले दिवस आमचे आहेत. सलीमभाईंनी एक शिट्टी आणून दिलीय. दुपारी कुत्रं भुंकलं तरी दगड मारणाऱ्या मंगलकाकू त्या शिट्टीबद्दल चकार शब्द काढत नाहीत. काल ऐन झोपेच्या वेळी मी ती वाजवली, गौरी खळखळून हसली, आणि भिंतीपलीकडून काकू ओरडल्या, "आजून एकदा फुंक की गं!"